देवाची होडी जिथे झुकली

पेर-सोबेकचा फॅरो इरेत रोज सकाळी दाढी बांधून घ्यायचा आणि रोज सकाळी त्याला स्वतःचंच हसू यायचं. आपली खरी दाढी सफाचट करायची, मग बकरीच्या केसांची वेणी हनुवटीला लटकवून तिची दोरी कानांमागे आवळायची, आणि मग म्हणायचं, झाला हा देव. दोरीने कानांमागे घट्टे पडले होते. मुकुट आधीच्या राजाच्या मापाचा होता. आधीच्या राजाचं डोकं मोठं होतं, निदान बाहेरून तरी. इरेतच्या डोक्यावर तो नीट बसावा म्हणून आत जुन्या चादरीची पट्टी कोंबावी लागे, आणि उन्हाळ्यात तिच्यातला घाम थेट डोळ्यांत उतरायचा. दरबारी म्हणत, प्रजेच्या काळजीने महाराजांचे डोळे भरून येतात.

रिवाजाप्रमाणे त्याला पाच नावं होती. पहिलं 'बलवान बैल'. त्यावर इरेत म्हणे, बैल खरा, पण खळ्यावरचा, गोल गोल फिरून दुसऱ्याचा गहू मळणारा. दुसरं 'दोन्ही देशांचा स्वामी'. हे दोन्ही देश उत्तरेला उंबरांच्या राईपाशी आणि दक्षिणेला फुटक्या बांधापाशी संपत. राईपलीकडे हेनेत गाव, तिथेही एक फॅरो, तोही दोन्ही देशांचा स्वामी. नदीकाठाने दिवसभर चालत गेलं तर माणसाला असे तीन-चार स्वामी भेटत. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. गावाला जसा आपला कुंभार हवा तसा आपला फॅरो हवा, एवढंच. उरलेली तीन नावं इरेतलाच पाठ नव्हती. त्याची बायको तामीत पाचांतलं एकही वापरत नसे. ती 'अहो' म्हणायची, आणि रागावली की तेही नाही.

त्याच्या वहाणांच्या तळव्यांवर हेनेतचे लोक रंगवलेले होते, हात मागे बांधलेले. राजा चालला की शत्रू तुडवले जातात. पण इरेतचा डावा गुडघा दुखरा होता, त्यामुळे तो शत्रूंना फार जपून तुडवायचा.

आणि ती भिंत. देवळाच्या दर्शनी भिंतीवर ताडासारखा उंच इरेत कोरलेला आहे. एका हाताने त्याने हेनेतच्या मूठभर लोकांच्या शेंड्या धरल्यात, दुसऱ्या हातात गदा. खरी लढाई झाली त्या दिवशी आम्हीही होतो. दोन्ही सैन्यं उंबरांच्या राईत समोरासमोर उभी राहिली, शिव्या देऊन झाल्या, मग नदीचं पाणी चढायला लागलं आणि डासांनी दोन्ही बाजूंना फोडून काढलं. संध्याकाळच्या आत सगळे घरी. इरेतने आयुष्यात कुणाला मारलं नव्हतं. उलट एकदा एका बदकाने त्याला असं चावलं होतं की व्रण राहिला. तरी पुजाऱ्यांनी भिंतीवर विजय कोरला. हेनेतच्या देवळातही तोच विजय कोरलाय म्हणतात, फक्त शेंड्या आमच्या आहेत. दोन्ही राजे सणासुदीला एकमेकांना मध पाठवत.

हा माणूस गादीवर आला कसा, ते सांगितलं पाहिजे. आमच्याकडे राजा निपुत्रिक मेला तर नवा राजा देव ठरवतो. मगरदेव सोबेकची मूर्ती पडद्याआड लाकडी होडीत बसवतात, पुजारी होडीचे दांडे खांद्यावर घेतात आणि उमेदवारांच्या रांगेपुढून मिरवतात. ज्याच्यापुढे होडीचं नाक खाली झुकेल तो राजा. तेव्हा इरेत देवळाच्या बदकांचा मुकादम होता. नैवेद्याचं बदक घेऊन आला आणि गर्दीत अडकला. बदक काखेत, आणि बदकाने आपला कार्यभाग भर रस्त्यात उरकलेला. होडी आली, पुढच्या दांड्याखालच्या नेसमिन पुजाऱ्याचा पाय नेमका त्यावर पडला, आणि देव इरेतपुढे वाकला.

सगळं गाव आडवं झालं. उभे राहिले फक्त इरेत आणि बदक. इरेतने घसा ताणून सांगितलं, की अहो, त्यांचा पाय घसरला, मी पाहिलं, इथे घाण आहे. तेव्हाच्या मुख्य पुजाऱ्याने शांतपणे उत्तर दिलं, की देवाखालचा पाय घसरत नसतो. लोक म्हणाले, काय हा विनय. त्या विनयावरच त्याला मुकुट चढवला. बदकाचं पुढे काय झालं ते इरेत कधी सांगत नसे. मेजवानीला त्याने फक्त भाकरी आणि कांदा खाल्ला होता.

राज्यावर आल्यावर पहिलं काम त्याने केलं ते नेसमिनला जवळ ओढण्याचं. त्याला वहाणा सांभाळायला ठेवलं, म्हणजे हा बाहेर बडबडायला नको. दर वर्षी नदीला पुराचं नवीन पाणी आलं की, जवळ कुणी नसताना, इरेत त्याला विचारायचा, "नेसमिन, खरं सांग. घसरलास ना?"

नेसमिन वहाणांची धूळ झटकत म्हणायचा, "माहीत नाही महाराज."

इरेतला वाटायचं, काय बेरकी आहे. नोकरी टिकवायला बरोबर उत्तर शोधलंय. त्याची स्वतःची खात्री होती. आपण कोण आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं: एका बदकाच्या शिटेवर उभं राहिलेलं राज्य. या एका ठाऊक असण्यामुळे तो बरा राजा झाला, असं आम्ही आज म्हणतो. त्याने मोठा थडग्याचा डोंगर बांधायला घेतला नाही, कालवे उपसून घेतले, दुष्काळात कोठारं उघडली. पण तेव्हा आम्हीही त्याच्याच चालीवर हसायचो. आमचा बदकवाला बरा आहे, म्हणायचो.

आता तो म्हातारा झाला होता. मुलगा नव्हता. एकच मुलगी, तबेकी. नवरा वारल्यावर ती माहेरी परतली आणि राजवाड्यात बसून माळा ओवण्याऐवजी तिने बदकखाना हातात घेतला होता, मग जोडीला धान्याची कोठारं. पायाला कायम चिखल. राजकन्या म्हणून तिला ओळखायचं तर आधी सांगावं लागे.

मुख्य पुजारी पेदिसोबेक, म्हणजे मघाच्या पुजाऱ्याचा मुलगा, दरबारात येऊन म्हणाला, की महाराजांच्या हयातीतच देवाला पुढचा राजा विचारून घ्यावा. येत्या उत्सवात होडी निघेल. उमेदवार दोन. एक त्याचा पुतण्या अंखोर, दुसरा इरेतचा भाचा पेफ्ती, कालव्यांवर देखरेख करणारा.

अंखोर धिप्पाड होता, देखणा होता, आणि त्या भिंतीखाली खेळून मोठा झाला होता. कोरलेला विजय त्याला खरा वाटायचा. पाणी ओसरलं की हेनेतवर चालून जायचं, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं. इरेतने त्याला बोलावून समजावलं. म्हणाला, तिथे लढाई झालीच नाही, डास झाले.

अंखोर हसला. "महाराज, तुम्ही नेहमी स्वतःला कमी लेखता. एकट्याने सात जणांच्या शेंड्या धरल्यात तुम्ही."

"ते शिल्पकाराने धरल्यात. त्याला जागा भरायची होती."

"हेनेतचे भेकड आहेत. पेरणीआधी परत येऊ आम्ही."

इरेत त्या दिवशी जेवला नाही. हेनेतमध्येही अशीच भिंत होती आणि तिच्याखालीही पोरं मोठी झाली होती. आपण हसत हसत भिंतीवर थाप मारू दिली, ती आता गावची तरणी मुलं खाणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. आणि होडी कुणापुढे वाकणार हेही ठाऊक होतं. दांडे उचलणारे सगळे पेदिसोबेकच्या हाताखालचे.

मग त्याला एक युक्ती सुचली, आणि ती त्याने बायकोला सांगितली. राजा हाच देवाचा पहिला पुजारी, बाकीचे सगळे त्याच्या वतीने काम करतात. तेव्हा दांडा खांद्यावर घ्यायचा पहिला हक्क त्याचा. पुढचा डावा दांडा आपण घ्यायचा, आणि पेफ्तीपुढे आलो की गुडघा वाकवायचा.

तामीत मसूर निवडत होती. तिने मान वर केली नाही. "अहो, चार पायऱ्या चढताना भिंत धरता तुम्ही. देव उचलणार?"

"उचलायचा कुठे आहे? पाडायचाच तर आहे. पाडण्यात मी तरबेज आहे."

"आणि देवाला कळलं तर?"

"देवाला कळत असतं तर मी आज बदकांना दाणा घालत असतो."

तामीतने खडे बाजूला टाकले. मग ती म्हणाली, "पाय घसरला म्हणता ना त्याचा तेव्हा. रस्त्यावर तुमच्या बदकाने तीन ठिकाणी घाण केली होती. मी मागे होते, मी पाहिलं. आधीच्या दोनांवरून तो बरोबर चालत आला." इरेत म्हणाला, योगायोग. ती म्हणाली, असेल, आणि मसूर धुवायला उठली.

राजा स्वतः खांदा देणार म्हटल्यावर पेदिसोबेकने नाक मुरडलं, पण नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं. दांडा धरणाऱ्याच्या अंगावर एकही केस चालत नाही. न्हाव्याने इरेतचं डोकं, छाती, हात, पाय, सगळं तासलं. भुवयाही गेल्या. आरशात पाहून तो म्हणाला, सोललेला कांदा बरा दिसतो. दाढी, मुकुट, वहाणा, सगळं उतरवलं. उरला एक लंगोटीसारखा पांढरा पंचा आणि त्यावर पोट. वहाणा हातात घेऊन नेसमिन बाजूने चालणार होता.

उत्सवाच्या सकाळी नदी काठोकाठ भरली होती आणि गाव रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. पेदिसोबेक चित्त्याचं कातडं पांघरून पुढे. होडी उचलली तेव्हा इरेतला पहिल्यांदा कळलं की ती किती जड आहे. मूर्ती हातभर, लाकडाची, वर सोन्याचा पत्रा, हे त्याला माहीत होतं. तरी खांद्यात दांडा असा रुतला की तोंडाला कोरड पडली. शेजारचा पुजारी कुजबुजला की महाराज, श्वास सोडू नका. इरेतला वाटलं, हा सल्ला आता फार उपयोगाचा नाही.

रांगेत पहिला पेफ्ती. बिचारा मान खाली घालून उभा होता, कालव्यातून थेट उठून आल्यासारखा. इरेतने मनाशी म्हटलं, चल बलवान बैला. त्याने गुडघा वाकवला.

आणि मागच्या सगळ्यांनी त्याला सावरलं. महाराज लटपटले असं त्यांना वाटलं. कुणी कोपर धरलं, कुणी पाठीला खांदा दिला, सगळ्यांनी मिळून दांडे वर रेटले. पेदिसोबेकची माणसं असली तरी माणसं चांगली होती. इरेतच्याच कोठारांतलं धान्य खाऊन दुष्काळातून वाचलेली. होडीचं नाक खाली जाण्याऐवजी हातभर वर गेलं. गर्दीतून आवाज उठला, की देवाने मान वर केली, नको म्हणाला. पेफ्तीने सुटकेचा श्वास टाकला, तो इरेतला ऐकू आला.

पुढे अंखोर. छाती काढून, हसत. इरेतला उजवीकडचा पुजारी वाकायला लागलेला जाणवला, मागून दांडे पुढे लोटले जात होते. ठरलेलं होतं ते होत होतं. इरेतला काही सुचलं नाही. त्याने फक्त डावा पाय जमिनीत रोवला आणि गुडघ्याला सांगितलं, की आयुष्यात एकदा तरी राजाचं ऐक.

गुडघ्याने ऐकलं. दांडा हाडात उतरला, डोळ्यांपुढे काजवे आले, कानात नदी वाहायला लागली, पण डावी बाजू तसूभरही खाली आली नाही. उजवी खाली, डावी वर, अशी होडी आडवी डोलली. मग पुन्हा डोलली. नाही म्हणणारा माणूस जशी मान हलवतो तशी. अंखोरचं हसू गेलं आणि तो चुलत्याकडे बघायला लागला.

पेदिसोबेकने घाईने हात केला, पुढे चला. उमेदवार संपले होते. आता रांगेच्या शेवटी राजघराण्याच्या बायका, आणि मग देऊळ. देऊळ गाठलं की पुजारी म्हणणार होता, देवाने उत्तर राखून ठेवलंय, पुन्हा विचारू. पुन्हा विचारतील तेव्हा दांड्याखाली इरेत नसेल, हे इरेतलाही कळत होतं. तो पाऊल टाकत राहिला. भुवया नसल्याने घाम सरळ डोळ्यांत जात होता आणि त्याला पुढचं धड दिसत नव्हतं.

तबेकीला मात्र तो दिसत होता. तिने बापाचा रंग उडालेला पाहिला. आजारी जनावर पडण्याआधी कसं चालतं ते तिला रोजच्या कामातून माहीत होतं. रांग मोडू नये, देवाच्या वाटेत बाईने पाऊल टाकू नये, हे सगळं तिलाही ठाऊक होतं. आईचं बसायचं घडीचं स्टूल तिने उचललं आणि ती सरळ रस्त्यात आली.

इरेतला समोर फक्त पाय दिसले. टाचेला वाळलेला चिखल. तेवढ्यात खांद्यावरचा दांडा जड झाला, किंवा खांदा हलका पडला, आणि तो खाली गेला. त्याच्याबरोबर पुढची सगळी बाजू गेली. या वेळी सावरायला कुणाला वेळच मिळाला नाही. होडीचं नाक तबेकीच्या पायांपाशी जमिनीला टेकलं आणि तसंच राहिलं.

गाव आडवं झालं. पेदिसोबेक तेवढा उभा होता. त्याचं तोंड उघडलं. महाराजांचा पाय घसरला, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण देवाखालचा पाय घसरत नसतो, हे त्याच्याच बापाने याच रस्त्यावर सांगितलेलं, आणि ते ऐकलेली माणसं अजून जिवंत होती. त्याने तोंड मिटलं आणि चित्त्याच्या कातड्यासकट तोही आडवा झाला. मग अंखोरही.

तबेकीने स्टूल ठेवलं, बापाच्या काखेत हात घालून त्याला वर बसवलं. मग तिने आजूबाजूला पाहिलं.

"बाबा, हे सगळे असे का पडलेत?"

"तुला राजा केलंय."

"काहीतरीच काय. गुडघा गेला तुमचा. मी समोरून पाहिलं."

"मोठ्याने सांग त्यांना."

तिने सांगितलं. तिचा आवाज बदकखान्यात कमावलेला, नदीपार ऐकू जाईल असा. म्हणाली, उठा, बाबांचा गुडघा गेला, दुसरं काही नाही. जमिनीला नाक लावून पडलेल्या गर्दीतून कौतुकाची कुजबुज पसरत गेली, की बापासारखीच आहे, काय हा विनय. इरेतला ती कुजबुज ओळखीची होती. त्याने डोळे पुसले.

तबेकी त्याच्यापुढे उकिडवी बसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. हेनेत, कोठारं, पेदिसोबेक, तिला बांधावी लागणारी ती दाढी, सगळं एकदमच तिच्या लक्षात येत होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मला तरी खरं सांगा. तुम्ही मुद्दाम वाकलात, की गुडघा गेला?"

इरेतच्या जिभेवर उत्तर तयार होतं. अशी उत्तरं त्याच्याकडे जन्मभर तयार असायची. गुडघा गेला पोरी, राजे असेच होतात आपल्याकडे, एकदा बदक आणि एकदा सांधेदुखी. त्याने तोंडही उघडलं. मग त्याला आठवलं की गुडघा वाकवला तेव्हा होडी झुकली नव्हती, गुडघा जायला हवा होता तेव्हा गेला नव्हता, आणि गेला तेव्हा त्याने काहीच केलं नव्हतं. खांद्यावर हात ठेवून त्याने दांड्याने पडलेली खोबण चाचपली.

बाजूला नेसमिन वहाणा घेऊन उभा होता आणि त्याच्याकडेच बघत होता.

"माहीत नाही," इरेत म्हणाला.

नेसमिन खाली बसला. त्याने राजाचे पाय पंच्याने पुसले आणि एकेक करून वहाणा चढवल्या.